भीतीची वाटणी

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय दिग्या,

तुझ्या वजनाच्या ऑपरेशनवरचा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. ‘टेबलावरच आटपलो तर?’ एवढंच, आणि पुढं हसणारा चेहरा. फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही थापा मारतो. तू विनोद करणार, मी हसणार, तेवढ्यात वहिनी चहाला हाक मारणार आणि विषय संपणार. म्हणून लिहायला बसलो. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा सावकाश वाच.

घाबरणार तर तू आहेसच. ‘मला काय बी वाटत नाय’ म्हणणारा मला एकच भेटला, माझं असंच ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या बेडवरचा. सकाळी त्याचं बीपी इतकं चढलं की त्याची तारीखच पुढं गेली. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की ही धास्ती एक नसते. चार-पाच वेगवेगळ्या असतात आणि रात्री अडीचला सगळ्या मिळून एकच मोठी वाटते. त्या सुट्या कर आणि ज्याची त्याच्या गळ्यात घाल.

टेबलावर आटपायची धास्ती भूलतज्ज्ञांची. ऑपरेशनआधी पीएसीला, म्हणजे भुलेच्या तपासणीला बोलावतील. तिथं काही झाकू नकोस. घोरतोस, झोपेत श्वास अडकतो, वहिनी ढोसून उठवतात आणि घरात सीपॅप मशीन, ते झोपेत मास्कमधून हवा देणारं, असून ते तू कधीमधीच लावतोस, हे सगळं सांग. शेवटचं तर मुद्दाम सांग. आपल्यासारख्यांची मान जाड, छातीवर वजन, सपाट झोपवलं की श्वासाची पंचाईत. म्हणून ते डोकं-खांदे उंच करून झोपवतात आणि भूल देण्याआधी थोडा वेळ मास्कनं नुसता ऑक्सिजन देतात. मी तिथल्या मॅडमना सरळच विचारलं, ‘मॅडम, मरतात किती?’ त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, सवयीच्या हातांनी केलेल्या अशा ऑपरेशनांत हजारात एखादा, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनाइतकीच जोखीम. काकूंचं पित्ताशय काढलं तेव्हा आपण बाहेर मिसळ हाणून आलो होतो, आठवतंय ना? मग माझ्या वेळी घरचे रडवेल्या तोंडानं का बसले होते कुणास ठाऊक.

आतल्या जोडकामाची धास्ती सर्जनची. तुला जठराची बायपास सांगितलीय, माझी स्लीव्ह झाली. (तुझ्या आत्यांना एकदा नीट सांग बाबा, त्यांनी मला फोन करून ‘दिगंबरचं हार्ट कधीपास्नं खराब हाय?’ म्हणून विचारलं.) माझ्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढला, उरली एक नळी. तुझ्यात काढणार काहीच नाहीत. वरच्या बाजूला साधारण तीस मिलीची छोटी पिशवी करतील, लहान आतडं पुढून उचलून तिला जोडतील, बाकीचं जठर आतच राहील. एंडोस्कोपीत हर्निया आणि जळजळ निघाली म्हणून तुला बायपास, कारण स्लीव्हनं ॲसिडिटी वाढू शकते. माझी वाढलीच, रोज गोळी घेतो. शिवाय तुझी शुगर. बायपासनंतर बऱ्याच जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. आणि हे काही काल निघालेलं फॅड नाही. वजनासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेत एडवर्ड मेसन नावाच्या सर्जननं १९६६ साली केली. म्हणजे आपल्या दोघांच्या जन्माआधी.

आता तुला सगळ्यात जास्त वैताग आणणारा भाग, आधीचे दोन आठवडे. प्रोटीन पावडर, ताक, गाळलेलं सूप, बस्स. मला वाटलं आपल्याला शिस्त लावायला देतात. मग सर्जननी कागदावर काढून दाखवलं. यकृताचा डावा भाग जठरावर छपरासारखा येतो, आणि आपलं यकृत चरबीनं सुजलेलं. दुर्बिणीतून काम करताना ते छप्पर उचलून धरावं लागतं. जड असलं तर हात पोचत नाही, रक्त येतं. दोन आठवडे पिष्ट आणि चरबी तोडली की ते बरंच आकसतं. एवढं कळल्यावर मला त्या पांचट सुपाचा राग येईना. उलट सगळं डॉक्टरांच्या हातात असताना हे एक काम तरी आपल्या हातात आहे असं वाटायला लागलं, आणि झोपही जरा बरी लागायला लागली. फक्त या काळात शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिन नेहमीच्याच मापानं घेत राहू नकोस, शुगर धाडकन खाली जाईल. काही गोळ्या तर ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी पूर्ण बंद करायला लावतात. सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओत.

आणि मावा. यावर मी भाषण देणार नाही. तंबाखूनं जोडाच्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो, जखम भरत नाही, बायपासवाल्यांना तिथं अल्सर होतो. आत्ताच्या आत्ता बंद, आणि नंतरही बंद. दुखलं म्हणून ब्रुफेन-डायक्लोफिनॅकही आयुष्यात परत नाही, कारण तेच.

तुझ्या मेव्हण्यानं ‘हा शॉर्टकट आहे, दोन महिने रंकाळ्याला फेऱ्या मार’ म्हणून ऐकवलं, हे वाचून मला माझे साहेब आठवले. दिग्या, आपण चाललो नाही का? उपाशी राहिलो नाही का? दर वेळी दहा किलो उतरवले आणि बारा चढवले. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. जठरातून निघणारं घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं, आणि डाएटनं वजन घटवलं की ते वाढतं असं पुढं दिसून आलं. तुझा मेव्हणा आयुष्यभर बासष्ट किलो आहे, तो त्याच्या घ्रेलिनला धन्यवाद देऊ दे. त्याला उत्तर देत बसू नकोस. मी साहेबांना ‘हर्नियाचं ऑपरेशन’ सांगून टाकलं होतं, कुणाला काय सांगायचं हा आपला अधिकार आहे. इन्शुरन्सवाल्यांना मात्र सगळं खरं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, चाळीसच्या वर, किंवा पस्तीसच्या वर आणि सोबत बेकाबू शुगर किंवा तीव्र स्लीप ॲप्नियासारखं (झोपेत श्वास अडकणं) काही, असा नियम आहे. तू दोन्हीकडून बसतोस. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि जुन्या डाएटिशियनच्या चिठ्ठ्या जोडायला लाव, नाहीतर पॉलिसीवाले कागदासाठी झुलवत बसतात. माझं तेच झालं.

त्या दिवसाचं सांगतो. पहाटे अंघोळ, मग तो मागून न मिटणारा गाऊन. नंतर घट्ट पांढरे मोजे, पायात गाठी होऊ नयेत म्हणून. माझ्या पोटऱ्यांवर ते चढवताना दोन सिस्टर घामाघूम झाल्या. एक ओढतेय, दुसरी ढकलतेय, आणि मी छताकडं बघत ‘सॉरी, सॉरी’ करतोय. शेवटी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘सॉरी काय काका, पुढच्या वर्षी हेच मोजे सैल होतील.’ मग वॉर्डमधले मामा स्ट्रेचर घेऊन आले. लिफ्टमध्ये त्यांनी चादर पायाशी नीट खोचली आणि म्हणाले, ‘ओटीत लई गार असतंय, पाय आत घ्या.’ (ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.) घरातल्या सगळ्यांनी धीर दिला होता, पण खरा धीर मला त्या वाक्यानं आला. हा माणूस रोज अशी माणसं आत नेतो आणि रोज परत आणतो, आणि त्याला काळजी कसली, तर गारठ्याची. आत मॅडमनी मास्क लावला आणि विचारलं, ‘कोल्हापूरला पांढरा रस्सा चांगला कुठं मिळतो?’ मी सांगायला लागलो. नाव पूर्ण झालं का नाही, देव जाणे.

जाग आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखेल. घाबरू नकोस, हार्ट नाही. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं छाती आणि पोटामधला पडदा चिडतो, आणि पडद्याची आणि खांद्याची नस वरून एकच येते. उपाय चालणं. त्याच संध्याकाळी उठवतील, सलाईनचा स्टँड धरून चाल. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं देतील, त्यातून श्वास ओढत राहा, आळस केलास तर न्यूमोनिया. पाणी औषधाच्या झाकणानं, घोट-घोट. पहिला घोट घशाखाली गेला आणि छातीत कुठंतरी थबकून मग हळूच उतरला, तो मला अजून कळतो. आपण दोघं तांब्या तोंडाला लावणारी माणसं, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड जातं. घरी गेल्यावर पाणी कमी पडलं म्हणूनच बरेच जण परत ॲडमिट होतात. दिवसभर बाटली हातात ठेव.

एक मात्र वहिनींना पाठ करून ठेवायला सांग. नाडी एकशेवीसच्या वर राहिली, ताप आला, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ आली, धाप लागली, तर ‘सकाळपर्यंत बघू’ नाही. तडक हॉस्पिटल. जोडातून गळती असली तर वेळ महत्त्वाचा. आणि उलट्या थांबतच नसतील तरी कळवायचं. नुसतं पाणी कमी पडतं असं नाही, बी-वन जीवनसत्त्व उतरतं आणि ते मेंदूवर जातं.

तीन-चार दिवसांनी तू रडशील. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. मी घरी बाथरूमचा नळ सोडून रडलो. टीव्हीवर कुणीतरी भजी तळत होतं. ‘हे काय करून बसलो’ असं वाटतं, बहुतेकांना वाटतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा अडकेल, तेव्हा पुन्हा वाटेल. काटा आपोआप सुटतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. तुझ्याकडं गळायला फारसे उरलेले नाहीत, तेवढाच फायदा.

खाण्याचं तुला डाएटिशियन तक्ता देतील, तो मी कशाला लिहू. फक्त एक गंमत. पातळ खाण्याच्या दिवसांत त्यांनी ‘क्लिअर सूप’ लिहिलं आणि मी तोंड वाकडं केलं. आई म्हणाली, ‘म्हणजे अळणीच की!’ मटण शिजवल्यावरचं, तिखट पडायच्या आधीचं पाणी, जे आपल्याकडं बाळंतिणीला आणि पोरांना देतात. डाएटिशियनबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, वरचं तेल काढून गाळून द्या. मी वाटीभर अळणी अर्धा तास पुरवलं आणि शपथ घेऊन सांगतो, इतकी चव मला आयुष्यात कधी लागली नव्हती. पुढं मऊ खाणं, मग हळूहळू सगळं. भात नि पाव गोळा होऊन अडकतात, छातीत दगड बसल्यासारखं होतं आणि तोंडाला फेसाळ लाळ सुटते. तेव्हा उठून जायचं, पाणी प्यायचं नाही. आधी प्रोटीन, दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. बी-ट्वेल्व्ह, लोह, डी आणि कॅल्शियम सायट्रेट जन्मभर, लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही.

आता उरली ती धास्ती, जी कुठल्याच डॉक्टरांच्या गळ्यात मारता येत नाही. तू ती लिहिली नाहीस, पण मला ओळखता येते. आपलं दोघांचं सगळं खाण्यावर उभं आहे. शाळेत आपली गट्टी जमली तीच मधल्या सुट्टीत चार डबे संपवणारी दोन जाडी पोरं म्हणून. नापास झालो, मिसळ. तुझं लग्न ठरलं, रस्सा. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा तेराव्याला आपण दोघंच शेवटच्या पंगतीला एकमेकांना वाढत बसलो होतो, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा जयसिंगपूरला आलो, तेव्हा तू माझ्या ताटातल्या दोन घासांकडं बघून गप्प झालास. मला तेव्हा तुझा रागच आला. आता वाटतं, तुलाही तेच दिसलं असणार, की आता हा आपल्यासोबत बसून करणार काय.

माझ्याकडं याचं उत्तर तयार नाही. आग्रह करणाऱ्यांना ‘नको’ म्हणायला मी शिकलो. चुलतभावाच्या लग्नात मामींनी जिलबी तोंडात कोंबायला हात पुढं केला तेव्हा मी त्यांचा हात धरून त्यांनाच भरवली, सगळे हसले, विषय मिटला. तुला तर जिलबी जमणारच नाही. बायपासवाल्यांना साखर गेली की अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. दारूही लगेच आणि जास्त चढते, काहींना त्याचंच व्यसन लागतं, तेव्हा आपलं ‘बसणं’ही गेलं. पण मागच्या महिन्यात मी पन्हाळ्याला पायथ्यापासून चालत गेलो. वाटेत कुणाशी तरी सारखं बोलावंसं वाटत होतं आणि ते कुणी म्हणजे तूच होतास. इतकं मला माहीत आहे. उरलेलं दोघं मिळून शोधू.

वहिनी आमच्याकडंच उतरतील, हॉस्पिटल इथून रिक्षानं जवळ आहे. हिनं खोली रिकामी केलीय. येताना सीपॅप मशीन, सगळे जुने रिपोर्ट, पुढून बटणांचा सैल शर्ट आणि लांब वायरचा चार्जर घे, बेडजवळचा प्लग कायम डोक्यामागं असतो. आदल्या संध्याकाळी मी तुझ्याजवळ असेन. झोप नाही आली तर मेसेज नको, फोन कर. अडीचला पण.

तुझा,
राजा

ता. क. मावा सुटला का हे मी वहिनींना विचारणार आहे, तुला नाही.