तऱ्हेवाईक विनोदपटांवरच्या टिपणांबद्दल, ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

जगभरातल्या तऱ्हेवाईक विनोदपटांवर तुम्ही आमच्या चित्रपट मंडळासाठी टिपणं लिहून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. चित्रपट चांगला की वाईट हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कसा लावला की हसू मरतं, हे तुम्ही लिहिलंत. इतर मंडळांच्याही उपयोगी पडेल म्हणून त्यातलं थोडं इथे मांडतो आहोत.

तुमचा मूळ मुद्दा असा की अशा चित्रपटांतली गंमत पात्रांच्या विक्षिप्तपणात शोधू नये. चौकट किती रुंद आहे आणि ती किती वेळ तशीच धरून ठेवली आहे, तिथे ती असते. फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा 'प्लेटाइम' (१९६७) त्याचा सज्जड पुरावा. ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रण, क्लोजअप जवळपास नाहीतच, पॅरिसजवळ काचा-पोलादाचं अख्खं शहर उभारलेलं. त्या खर्चात ताती कंगाल झाला. एका दृश्यात तीन-चार गमती एकदमच चाललेल्या असतात आणि कुठे बघायचं ते कुणी दाखवत नाही. म्हणून टीव्हीवर लावताना ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून दाखवण्याची टीव्हीची सोय) आधी बंद करायचं, नाहीतर चारी कडा कापल्या जातात आणि कडेची गंमत कडेलाच राहते. प्रोजेक्टरवर पडदा भरावा म्हणून झूम करणं हाही तोच अपराध. आवाजाचं वेगळंच. संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून कुणीतरी उठून आवाज वाढवतंच. पण तातीनं सगळा ध्वनी चित्रीकरणानंतर बसवला आहे: बोलणं मुद्दाम पुटपुटण्याइतकं, आणि प्रतीक्षालयातल्या खुर्चीच्या गादीचा फुसका आवाज मात्र ठसठशीत. हे प्रमाण तसंच राहू द्यायचं.

या चित्रपटाला सबटायटल्स बंदच ठेवा, हा तुमचा सल्ला ऐकून काहींनी भुवया उंचावल्या. पण हॉटेलच्या प्रसंगात काचेचं दार फुटतं आणि दरवान नुसती दाराची मूठ हातात धरून नसलेलं दार अदबीनं उघडत राहतो, तेव्हा नजर खाली अक्षरांवर असेल तर गेलंच सगळं.

फिनलंडचा दिग्दर्शक आकी कौरिस्माकी याच्या बाबतीत मात्र सबटायटल्सशिवाय गत्यंतर नाही, आणि घोळ तिथेच होतो. त्याची पात्रं निर्विकार चेहऱ्यानं थांबतात, मग एक वाक्य टाकतात. अक्षरं त्या थांबण्याच्या आत उमटली तर प्रेक्षक आधी हसतात आणि वाक्य त्या हशात बुडतं. तुम्ही दिलेला उपाय: पात्राचं तोंड उघडेल त्याच क्षणी ओळ आली पाहिजे, आणि दोन ओळींपैकी दुसरीत कलाटणी असेल तर त्यांचे दोन तुकडे करायचे. सबटायटल्सची फाइल सेकंदाला २५ चौकटी (म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं) दाखवणाऱ्या प्रतीसाठी बनवलेली आणि आपली प्रत २४ चौकटींची असेल, तर सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. १०० मिनिटांच्या चित्रपटात शेवटाला अक्षरं चार मिनिटं पुढे पळालेली असतात. फाइल नुसती मागेपुढे सरकवून हे सुटत नाही, सगळ्या वेळांना २५ भागिले २४ नं गुणावं लागतं. सबटायटल्स संपादित करायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग बदलायची सोय असते, तीच वापरावी.

त्याच्याच 'द अदर साइड ऑफ होप' (२०१७) मधला ठोसे आणि सूप हा जोड तुम्ही उलगडून दाखवलात तो लाजवाब. दोघं कचऱ्याच्या डब्यांपाशी एकमेकांच्या नाकावर ठोसे लगावतात, आणि लगेच पुढच्या दृश्यात त्यांच्यातल्या एकाच्या हॉटेलात दुसरा सूप पीत बसलेला. मधलं काही दाखवलंच नाही, म्हणून हसू येतं.

चेक दिग्दर्शक मिलोश फॉरमनच्या 'फायरमन्स बॉल'बद्दल (१९६७) तुमचं बजावणं कडक होतं: राजकीय रूपक म्हणून ओळख करून देऊ नका, आधी ते अग्निशमन दलवाले दिसू देत. त्यातले बरेचसे जण व्हर्खलाबी गावातले खरेच दलवाले होते. दलाच्या नाचाच्या समारंभात सोडतीची बक्षिसं चोरीला जातात. चोरांनी ती गुपचूप परत ठेवावीत म्हणून दिवे घालवतात. दिवे लागतात तेव्हा सापडतो तो परत करायला आलेला एकटा प्रामाणिक माणूस! मग चर्चा चोरीची नाही, दलाच्या अब्रूची. गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत एकदा बसलेल्याला याची प्रस्तावना लागत नाही. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर चेकोस्लोव्हाकियात त्यावर बंदी आली, हे नंतर सांगितलं तरी चालतं. लांबी जेमतेम ७३ मिनिटं, तेव्हा मध्यंतर घेऊच नये.

एका ठिकाणी मात्र आमचं जमलं नाही. फांदीवर बसून अस्तित्वाचा विचार करणाऱ्या कबुतराचा स्वीडिश दिग्दर्शक रॉय अँडरसनचा चित्रपट (२०१४, व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार सुवर्णसिंह) तुम्हाला थकलेला वाटतो. तेच स्थिर कॅमेरे, तेच पांढुरके चेहरे, हे खरं. पण मेल्या आवाजात 'आम्हाला लोकांना मजा करायला मदत करायची आहे' असं म्हणत पिशाचाचे खोटे सुळे विकणारे ते दोन विक्रेते आम्हाला ताजेच वाटतात. यावर तुम्ही पुन्हा लिहाल, आणि आम्ही पुन्हा भांडू.

पुढच्या सत्रात जपानी दिग्दर्शक जूझो इतामीचा 'टॅम्पोपो' (१९८५) आहे. तुमच्या टिपणात त्यावर एकच ओळ आहे: जेवणाआधी लावा. मध्यंतराचं काही नाही. कथा रामेनच्या (जपानी नूडल-सूपच्या) दुकानाची, पण कॅमेरा मधेच रस्त्यावरच्या भलत्याच माणसांमागे निघून जातो, त्यामुळे तोडायला जागा पुष्कळ दिसतात आणि एकही पटत नाही. कुठे थांबवावा तेवढं कळवा.

आपले नम्र,
चित्रपट मंडळाचे सभासद