आयर्विनचा आकडा आमच्या गल्लीपर्यंत पोहोचवा: सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय: पावसाळ्यात टीव्हीवर आणि केबलवर दाखवल्या जाणाऱ्या पाणीपातळीच्या माहितीला एक नमुना व ठरावीक वेळा लावून देण्याबाबत

महोदय,

जून संपत आला की सांगलीत संध्याकाळच्या मालिका मागे पडतात आणि घराघरांत बातम्या लागतात. कोयना धरणातून किती सोडले, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती झाले, वारणा नदीचे काय, एवढेच बघायचे असते. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) सहज बोलून जाते. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी हे शब्द घरात आणून ठेवले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2021 च्या जुलैत 54 च्या वर. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही.

एवढी जाण असलेल्या गावाला पडद्यावर जे दिसते, त्यावरून घरातले सामान हलवायचे की नाही हे मात्र ठरवता येत नाही. आकडे खोटे नसतात, ते पाटबंधारे विभागाकडूनच आलेले असतात. पण तो आकडा किती वाजताचा, कुठल्या ठिकाणचा आणि त्यावरून आपल्या दारात काय होणार, हे वाटेतच गळून पडते.

कोयनेचेच घ्या. बातमी येते, 'कोयनेचे सहा वक्र दरवाजे दोन फुटांनी उघडले.' दरवाजा किती फूट उचलला यावरून सांगलीकराला काहीच कळत नाही, कारण तेवढ्याच फटीतून धरण जास्त भरलेले असताना जास्त पाणी सुटते आणि कमी भरलेले असताना कमी. हवा असतो तो विसर्ग, म्हणजे दरवाजे आणि पायथा वीजगृह मिळून नदीत पडणारे एकूण क्युसेक. पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी जाणारे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरते. ते सांगलीला येत नाही, तरी काही बातम्यांत तेही मिळवून सांगितले जाते आणि उगाच घबराट होते.

क्युसेक आणि टीएमसी यांची सांगड तर कुणीच घालून देत नाही. हिशेब सोपा आहे. 11,574 क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. म्हणजे 50,000 क्युसेक दिवसभर सुरू राहिले तर सव्वाचार टीएमसीच्या थोडे वर. कोयनेची साठवण क्षमता 105.25 टीएमसी, पाणलोट क्षेत्र सुमारे 892 चौरस किलोमीटर. या क्षेत्रावर सरासरी 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीच्या थोडे वर पाणी येते. जुलैअखेर जमीन पिऊन तृप्त झालेली असते, त्यामुळे बहुतेक सगळे वाहूनच येते. धरणात 85 टीएमसी साठा असताना नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी दिवसाला दोन-दोनशे मिलिमीटर पडू लागले, तर उरलेली वीस टीएमसीची जागा तीन-साडेतीन दिवसांत भरते. 'धरण 80 टक्के भरले' ही पुण्या-मुंबईला आनंदाची बातमी असेल, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती आली की सांगलीला कपाटे रिकामी करण्याचा विचार सुरू करावा लागतो. हा फरक निवेदकाने एका वाक्यात सांगायला हवा.

कोयनेतून सुटलेले पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीत यायला साधारण एक दिवस, कधी त्याहून थोडे जास्त घेते. नदी आधीच किती भरली आहे यावर ते कमी-जास्त होते. पण नजर फक्त कोयनेवर ठेवून भागत नाही. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे आहेत आणि धरणांच्या खाली सांगलीपर्यंत पसरलेले मोकळे पाणलोट आहे, ज्यावर कुठलाच दरवाजा नाही. तिथे कोसळलेला पाऊस कुणाला विचारून येत नाही. शिवाय वारणा. चांदोली धरणाचे पाणी घेऊन ती सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते सांगलीत तुंबते. म्हणूनच कोयनेचा विसर्ग कमी केल्याची बातमी आल्यावरही आयर्विनचा आकडा कधी कधी तासन् तास हलत नाही. लोकांना वाटते प्रशासन काहीतरी लपवते आहे. वारणेचा विसर्ग शेजारीच दाखवला असता तर हा संशय आलाच नसता.

आता एक अगदी बारीक गोष्ट, पण रात्रीच्या वेळी फार महागात पडणारी. आयर्विनची पातळी फूट आणि इंचांत मोजतात. ती संदेशांत आणि पडद्यावर '39.11' अशी लिहिली जाते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते 39 फूट 11 इंच, म्हणजे इशारा पातळीला एक इंच कमी. वाचणारा तो दशांश समजतो आणि त्याला वाटते 39 फूट आणि जेमतेम सव्वा इंच. तासाभरापूर्वीचा आकडा '39.8' असेल, तर 39.8 वरून 39.11 म्हणजे पाणी उतरले, असा अर्थ लावून माणसे झोपायला जातात. प्रत्यक्षात पाणी तीन इंच चढलेले असते. त्यात भर म्हणजे केंद्रीय जल आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो आणि काही वाहिन्या तो आकडा तसाच उचलतात. सांगलीसाठी 'फूट' आणि 'इंच' हे दोन्ही शब्द अक्षरांत लिहिण्याची सक्ती करा. टिंब नकोच. यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

चित्रांचेही तसेच. पडद्याच्या उजव्या बाजूला ताजा आकडा आणि डाव्या बाजूला 2019 मधली ड्रोनची दृश्ये, असे दर वर्षी होते. कोपऱ्यात 'संग्रहित' लिहिलेले असले तरी लहान अक्षरांत. बाहेरगावी असलेली मुले-मुली घाबरून फोन लावतात, एकेका घरात दहा-दहा फोन येतात आणि नेमक्या ज्या तासात माळ्यावर सामान चढवायचे, तो तास फोनवर समजूत घालण्यात जातो. जुन्या दृश्यावर तारीख मोठी आणि दृश्य संपेपर्यंत राहिली पाहिजे.

सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर रोज रात्री चर्चासत्र भरते. उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव हा आमच्याही काळजीचा विषय आहे आणि त्यावर महाराष्ट्राने नेटाने लढलेच पाहिजे. पण नदी चढत असताना त्या रात्री आम्हाला हवे असते ते अलमट्टीची आजची पातळी, आवक आणि जावक. आवकेपेक्षा जावक कमी आणि पातळी चढती, तर धरण भरून घेतले जात आहे. जावक जास्त, तर रिकामे केले जात आहे. हे आकडे एका ओळीत बसतात आणि तासाभराच्या वादावादीपेक्षा जास्त सांगून जातात.

सांगलीसाठी पावसाच्या इशाऱ्याचा रंग पूर्ण जिल्ह्याला एकच लागतो, ही आणखी एक अडचण. सांगलीत ऊन पडलेले असते आणि पूर येत असतो, कारण पाऊस सातारच्या घाटमाथ्यावर झालेला असतो. सांगलीकराने सांगलीचा रंग बघून उपयोग नाही, सातारा घाटमाथ्याचा रंग बघायला हवा. जत-आटपाडीच्या माणसाला पुराचा इशारा ऐकवून काय करायचे? त्याला टँकरची चिंता.

महोदय, या पत्रातला खरा मुद्दा इथून पुढे आहे. आयर्विनचा आकडा म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे, ती पुलापाशी लावलेल्या मोजपट्टीवरची पातळी. त्यामुळे 40 फूट म्हणजे आमच्या उंबऱ्याला किती, याचे उत्तर प्रत्येक गल्लीला वेगळे आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्त्याकडचा भाग इथे 40 व्हायच्या आतच पाणी शिरते. गावभागात, मारुती चौकात, टिळक चौकात त्यानंतर. गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला गोदाम उपसायला जेवढे तास लागतात, तेवढे एका खोलीत संसार असलेल्या माणसाला लागत नाहीत. पण त्या व्यापाऱ्याकडे गाडी आणि हमाल असतात, खोलीतल्या माणसाकडे नसतात. 'इशारा पातळी ओलांडली' ही बातमी सखल भागासाठी उशिरा आलेली असते आणि उंच भागासाठी फार आधी. शिवाय नदी चढली की नाले उलटे फिरतात. शेरीनाल्याच्या आसपास पाणी घाटाकडून येण्याची वाट बघत बसावे, तर ते पाठीमागून येते.

म्हणून प्रत्येक पूरप्रवण गल्लीत विजेच्या खांबावर किंवा सार्वजनिक भिंतीवर पट्टे रंगवा: 'आयर्विन 40 असताना इथे', '45 असताना इथे', '50', '55'. हे काम नुसते लेव्हल मशीन लावून करू नका. पुराच्या वेळी नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो, प्रवाहाच्या दिशेने त्याला उतार असतो, आणि वारणेचा फुगवटा आला की हरिपूरकडची बाजू वेगळी वागते. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून कित्येक भिंतींवर आहेत, रहिवाशांना त्या त्या दिवसाची पातळी आठवते. त्या खुणा आधी घ्या, मोजणी त्यांच्याशी ताडून बघा, मग रंग लावा. एकदा हे पट्टे लागले की टीव्हीवरचा आकडा आपोआप घराघराचा होतो.

आणि मग टीव्हीवरची पट्टी. ती अशी असावी (आकडे फक्त नमुन्यासाठी):

आयर्विन पूल, सायंकाळी 6 वाजता: 38 फूट 0 इंच. गेल्या 3 तासांत वाढ 9 इंच.
याच वेगाने 40 फूट: रात्री 2 च्या सुमारास.
कोयना एकूण विसर्ग: अमुक क्युसेक, तमुक वाजल्यापासून. वारणा विसर्ग: अमुक क्युसेक.
बहे, ताकारी, भिलवडी (सांगलीच्या वरच्या अंगाला): चढती / स्थिर / उतरती.
अलमट्टी: पातळी, आवक, जावक.
आता काय करायचे: अमुक भागांनी अंधार पडण्याआधी बाहेर पडावे. नियंत्रण कक्ष 1077.

दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच आज कुठेच नसते. तासाला तीन इंच म्हणजे दोन फुटांना आठ तास, हा हिशेब घाबरलेल्या माणसाला करायला लावू नये. नदी काठाबाहेर पसरली की चढण्याचा वेग मंदावतो, वरून नवा विसर्ग आला की वाढतो, म्हणून हा अंदाज दर तीन तासांनी नव्याने द्यावा लागेल. अंदाज चुकला म्हणून लोक रागावतील या भीतीने तो देणेच टाळू नका. पहाटे दोनला पाणी येणार असेल तर संध्याकाळी सहालाच माणसे हलली पाहिजेत. म्हैस अंधारात, पाण्यातून हाकता येत नाही, आणि तिला सोडून तिचा मालक बोटीत बसत नाही. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, ते जिल्हा विसरलेला नाही. बोट लागण्याच्या आधी लोक रस्त्याने बाहेर पडले पाहिजेत.

'आता काय करायचे' या ओळीत नेमक्या सूचना द्याव्यात. 'सतर्क राहा' याचा अर्थ कुणालाच कळत नाही. मीटरपर्यंत पाणी यायच्या आत मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर दोरीने बांधा, कारण घरगुती सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो आणि वाहत जाऊन कशावरही आदळतो. फ्रीज आडवा करू नका, टेबलावर उभा चढवा. विहिरीचे आणि बोअरचे पाणी पूर उतरल्यावर तपासल्याशिवाय पिऊ नका. एका वेळी एकच सूचना, पातळी बघून.

कायद्याने हे आपल्या हातात आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 67 प्रमाणे जिल्हा प्राधिकरण शासनाकडे शिफारस करू शकते आणि शासनाने निर्देश दिले की दृक्-श्राव्य माध्यमांना इशारे दाखवणे बंधनकारक होते. ही शिफारस पूर आल्यावर नको, मे महिन्यातच करा, म्हणजे स्थानिक केबलवाल्यांना आणि वाहिन्यांना नमुना आधी मिळेल आणि एक रंगीत तालीमही घेता येईल.

टीव्ही शेवटपर्यंत साथ देत नाही, हेही धरून चाला. मुसळधार पावसात छतावरच्या डिशचा सिग्नल जातो. केबलला वाटेतल्या यंत्रांसाठी वीज लागते. पाणी रोहित्रापाशी आले की वीज बंद करावीच लागते आणि तिथून पुढे पडदा काळा. म्हणून हाच मजकूर, याच क्रमाने, याच वेळांना आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून वाचला जावा आणि मोबाइलवर, तोही पूर्ण जिल्ह्याला न पाठवता नदीकाठच्या टॉवरपुरता, पाठवला जावा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ अजून बऱ्याच घरांत आहे. सकाळी 6, 9, दुपारी 12, 3, सायंकाळी 6, रात्री 9, आणि 40 फूट ओलांडल्यावर रात्री 12 आणि पहाटे 3 सुद्धा. वेळ चुकली की अफवा ती जागा लगेच घेते. पातळी तीच असली तरी 'बदल नाही' असे सांगा, पण वेळेवर सांगा.

खांबांवरच्या पट्ट्यांचे काम महापालिका, पाटबंधारे विभाग आणि प्रत्येक प्रभागातले दोन जुने रहिवासी यांनी मिळून करावे. प्रभागवार खुणा दाखवायला, मोजायला आणि लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. 15 मेपूर्वी एक बैठक लावावी, ही विनंती.

आपले,
कृष्णाकाठचे रहिवासी, सांगली