‘मुलं कंटाळतील’ हे कुणी ठरवलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘फ्लो’ या अ‍ॅनिमेशन चित्रपटाला जेमतेम साडेतीन ओळी मिळाल्या. चित्रं सुंदर आहेत, पण संवाद नसल्यामुळे मुलं कंटाळतील, एवढंच त्यात होतं. तेही ‘बच्चेकंपनी’च्या चौकटीत, शब्दकोड्याच्या शेजारी. पेपर हातात आला की मी आधी सिनेमाचं पान उघडते, म्हणून हे मनाला लागलं आणि लिहायला बसले.

हा चित्रपट मी सहा वर्षांच्या नातीबरोबर पाहिला. 85 मिनिटं ती जागची हलली नाही. मांजर पाण्यात बुडायला लागलं तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं, ते होडीत चढेपर्यंत सोडलं नाही. त्या होडीत कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) आहे, माकडासारखा लेमूर आहे, कुत्रा आहे, पाय लांब असलेला सेक्रेटरी पक्षी आहे. माणसासारखं कुणीच बोलत नाही. लेमूरला वस्तूंचा मोह सुटत नाही, कॅपिबाराला कशाचीच घाई नाही, हे तिला मी सांगितलं नाही. ते तिचं तिला दिसलं. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, कारण त्याचा स्वतःचा चिरका आवाज त्या संथ स्वभावाला शोभेना. इतका बारीक विचार ज्यात आहे त्याबद्दल ‘चित्रं सुंदर आहेत’ म्हणून कसं भागेल? गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाने आधीचा चित्रपट एकट्याने केला होता. ‘फ्लो’ त्याने ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केला आणि 2025 मध्ये लॅटव्हिया या आपल्या छोट्या देशाला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. निदान ही बातमी तरी चौकटीत बसली असती.

मी निवृत्त आरेखक आहे. एकतीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढले. हाताने ओढलेल्या रेषेत माणूस कुठे थांबला, कुठे दचकला, हे उमटतं. अ‍ॅनिमेशन पाहताना मी तेच शोधते. कॅमेऱ्यासमोर झाडाचं पान आपोआप हलतं. इथे ते हलवायचं की नाही, किती, आणि कितव्या चौकटीला (फ्रेमला), हे सगळं कुणीतरी ठरवावं लागतं. म्हणून या माध्यमात मला सर्वांत मोठं धाडस वाटतं ते थांबण्याचं.

2018 च्या ‘स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटात बर्फाळ जंगलातून पीटर आणि माइल्स हे दोन स्पायडरमॅन झोके घेत जातात तो प्रसंग आठवून पाहा. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी असतात. मुरलेल्या पीटरची हालचाल प्रत्येक चौकटीला बदलते, नवख्या माइल्सची एक सोडून एक. तो अडखळतो आहे हे आपल्याला कळण्याआधी डोळ्यांना कळतं. 2023 च्या पुढच्या भागात तर ग्वेन या नायिकेच्या घराच्या भिंतींचे जलरंग तिच्या मनाबरोबर ओघळतात. बापलेकीचं बोलणं चालू असताना मी त्या भिंतीच बघत होते. हाच चित्रपट दोन तासांहून जास्त वेळ घेऊन गोष्ट अर्ध्यावर सोडतो, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि अजून गेलेला नाही.

2024 चा ‘द वाइल्ड रोबोट’ही तसाच हातून थोडा निसटला. रोबोटने वाढवलेलं हंसाचं पिल्लू थव्याबरोबर निघून जातं आणि ती रोबोट कड्याच्या टोकापर्यंत त्याच्यामागे धावते. तिथे मी रडले. त्यानंतरची यंत्रांची मारामारी नसती तरी काही अडलं नसतं.

मालिकांमध्ये ‘आर्केन’चा पहिला सीझन मी तीनदा पाहिला. पॅरिसच्या फोर्तिश स्टुडिओने चेहऱ्यांवर कुंचल्याचे फटकारे दिसतील असं काम केलंय. दुसऱ्या सीझनमध्ये मात्र नऊ प्रकरणांत इतकं कोंबलंय की माणसं मरतात आणि शोक करायला कुणाला सवड नसते. गाणं लागतं, दृश्यं धावतात, झालं. अपवाद सातव्या प्रकरणाचा. वेगळ्याच एका जगात इको आणि पावडर ही दोन पात्रं नाचतात आणि मालिका त्यांच्यासाठी खोळंबून राहते. पूर्ण सीझनमध्ये माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच.

आणि ‘फ्रीरेन’. 2023 मध्ये सुरू झालेली ही जपानी मालिका आपल्या पानावर एकदाही आली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. राक्षसराजाला मारण्याचा फ्रीरेन आणि तिच्या साथीदारांचा दहा वर्षांचा प्रवास पहिल्या प्रकरणातच संपलेला असतो. हजार वर्षांहून अधिक जगलेल्या फ्रीरेन या दीर्घायुषी जादूगारणीला ती दहा वर्षं म्हणजे काहीच नव्हेत. पन्नास वर्षांनी ती परत येते तर सोबतचा हिमेल म्हातारा झालेला, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. त्याला जाणून घ्यायचा आपण कधी प्रयत्नच केला नाही, म्हणून ती अंत्यविधीत रडते. पुढे त्याच्या पुतळ्याभोवती लावायला त्याच्या गावचं एक निळं फूल ती महिनोन्‌महिने शोधत राहते. मालिकाही तिच्याबरोबर शोधत राहते, घाई करत नाही. माझी नोकरीतली मैत्रीण गेली त्या वर्षी मी हे पाहिलं. शेजारच्या टेबलावर बसून तिने बावीस वर्षं नकाशे काढले आणि तिच्या आईचं नाव मला मैत्रीण गेल्याच्या बातमीत कळलं.

हे बच्चेकंपनीच्या चौकटीत कसं मावणार?

माझी विनंती साधी आहे. या चित्रपटांना आणि मालिकांना मुख्य पानावर, इतर चित्रपटांइतकी जागा द्या. लिहिणाऱ्याने ते नावडले म्हणून झोडपले तरी चालेल, पण हालचालीबद्दल लिहावं, शांततेबद्दल लिहावं, कुठे थांबायला हवं होतं ते लिहावं. वयाचा शिक्का मारायचा की नाही, हे त्यानंतर पाहू.

एक राहिलं. ‘फ्लो’च्या शेवटी एक महाकाय जलचर कोरड्यावर पडलेला असतो आणि नातीने विचारलं, “तो मेला का गं आजी?” मला उत्तर सुचेना. नावं सुरू झाली तशी अ‍ॅपने ती कोपऱ्यात आक्रसून दुसराच कार्यक्रम लावायला घेतला. मी घाईघाईने ते थांबवलं आणि आम्ही दोघींनी सगळी नावं शेवटपर्यंत पाहिली. सगळ्यात शेवटी समुद्र दिसतो आणि तो जलचर पाण्यावर येतो. आपल्या समीक्षकांनी तिथपर्यंत पाहिलं होतं का, एवढं त्यांना जरूर विचारा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरेखक