रात्रपाळीच्या सिस्टरांचे जाहीर आभार

आमच्या लेकीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात सुखरूप झालं. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टरांची नावं शेवटपर्यंत कळली नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

ताई, कळा येत असताना तुम्ही तिला टेबलावर झोपवून ठेवलं नाहीत. व्हरांड्यात चालू दिलंत, मला तिच्याजवळ थांबू दिलंत. दर थोड्या वेळाने पोटावर डॉपलर लावून बाळाचे ठोके मोजत होतात, तक्त्यावर टिपत होतात. एकदाही तिच्यावर ओरडला नाहीत. बाळ येताच पुसून आईच्या छातीवर ठेवलंत, जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलंत, आणि नाळ कापायची घाई केली नाहीत.

माझ्या सासूबाईंची सगळी बाळंतपणं घरी, गावच्या सुईणीच्या हातून झाली. त्या आजींचे उपकार आहेतच. पण अंगावरून जास्त जायला लागलं तर त्यांच्याकडे औषध नव्हतं. पुढे दवाखाने आले, जीव वाचले, तरी उशाशी बसणारं माणूस हरवलं होतं. परिचारिकांना मिडवाइफरीचं, म्हणजे सुईणकामाचं, 18 महिन्यांचं प्रशिक्षण देण्याचं धोरण केंद्राने 2018 मध्ये आणलं. अशा सिस्टर प्रत्येक तालुक्याला मिळायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

अवेळी फोन उचलणाऱ्या आशाताई आणि 102 च्या गाडीवरचे दादा, तुमचेही खूप आभार. बाळ छान दूध पितंय. बारशाला सगळ्यांनी नक्की या, पत्ता आशाताईंकडे आहे.