बाबा, आठवड्यातले दोन दिवस तलावाला सुट्टी द्या

पुणे,
फेब्रुवारी अखेर

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा उरकली आणि तुम्ही फिरायला सुरुवात केलीत, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट बोलता आलं नाही. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली दिसल्यावर दुसरा कुणी गोळी वाढवून घेऊन गप्प बसला असता. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे चपला घालून कंबर तलावाकडं निघालात. तुमचा हा स्वभाव मला फार आवडतो. पण मनात आलं की पूर्ण जोर लावायचा हाही तुमचाच स्वभाव, आणि त्याचीच मला काळजी वाटते. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून आईच्या हातात फोन देता, म्हणून हे पत्र.

आईनं सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. रोज दहा हजार पावलं, वर बारा सूर्यनमस्कार. रात्रीचं जेवण बंद, नुसती काकडी-टोमॅटो. भाकरी बंद, शेंगा चटणी बंद. रात्री साडेअकराला बातम्या संपवून झोपायचं आणि चारला उठायचं. उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती सूज आहे, तरी "चालून मोकळा होईल" म्हणून निघता. मागच्या आठवड्यात परत येताना हातापायाला कापरं भरलं, घाम फुटला आणि तुम्ही सात रस्त्याजवळ एका कट्ट्यावर बसून राहिलात. ते थकव्यानं झालं असं तुम्ही आईला सांगितलंत. मला तसं वाटत नाही.

आधी त्या कापऱ्याचंच बोलते, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. तुमच्या सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, मी पाकिटाचा फोटो पुन्हा पाहिला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला असाल किंवा नसाल. रात्री जेवायचं नाही, पहाटे रिकाम्या पोटी तासभर भरभर चालायचं आणि वर ही गोळी, अशानं साखर एकदम खाली जाऊ शकते. कापरं, घाम, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी ही त्याचीच लक्षणं. पुन्हा तसं झालं तर तिथंच थांबायचं, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर साखर बघायची. आकडा ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि मग नीट जेवण. ग्लुकोजची पुडी आणि ओळखीचा कागद शर्टाच्या खिशात असू द्या. आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून हे सगळं सांगा. चालणं वाढलं, वजन उतरायला लागलं की गोळीचं प्रमाणही बदलावं लागतं. ते त्यांनी ठरवायचं, आपण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

आता चालण्याचं. दहा हजार पावलांचा आकडा तुम्हाला कुणीतरी मोबाइलवर पाठवलाय. तो काही कुठल्या डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होतं, तिथून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलंय ते मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं आहे. म्हणजे निदान दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम म्हणजे चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्याहूनही कमी घ्यायचं. गुडघ्याची सूज उतरली की आधी वीस मिनिटं पुरे, आणि दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवा. सूज असेतो सूर्यनमस्कार बाजूला ठेवा. वाकून उठताना गुडघ्यावर जो भार येतो तो सुजलेल्या सांध्याला नको.

उरलेले दोन दिवस विश्रांती. हे तुम्हाला पटणार नाही, म्हणून आजोबांच्या मंगळवेढ्याच्या रानाची आठवण करून देते. पावसाळाभर काळं रान पडीक ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या आणि जमिनीत ओल धरायची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरायची आणि त्याच ओलीवर ती काढायची. ते पडीक महिने कुणी वाया गेले म्हणत नव्हतं. शरीराचंही तसंच आहे. चालताना, उठताना-बसताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ते भरून येऊन जास्त बळकट होतात ते झोपेत आणि सुट्टीच्या दिवशी. ती फुरसत दिली नाही तर कितीही फिरलात तरी अंगात ताकद येणार नाही, नुसती झीज होईल.

मांडी-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखत असतील, व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकून हळूहळू कमी होत असतील, तर ते नव्या व्यायामाचं साधं दुखणं. त्याला घाबरायचं नाही, हलकं चाललं तरी चालतं. पण एकाच सांध्यात कळ येणं, सूज, गरमपणा, लंगडावं लागणं हे वेगळं. तुमच्या गुडघ्याचं हेच चाललंय. सूज उतरेपर्यंत चालणं थांबवा, बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, आठवड्यात फरक पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, एकाएकी दम, थंड घाम असं काही झालं तर घरी यायची वाट बघायची नाही. बसून घ्यायचं, कुणालाही हाक मारायची, १०८ ला फोन करायचा.

आई, आता तुझ्याकडं येते. "माझा व्यायाम घरकामातच होतो" हे तुझं नेहमीचं. काही अंशी ते खरं आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा रात्री-बेरात्री उठून हौद, टाकी, पिंप, बादल्या, कळशा सगळं भरतेस, वर बादल्या उचलून गच्चीवर नेतेस. त्या दिवशी तुझं अंग जेवढं राबतं तेवढं बाबांचं तलावावरही राबत नाही. मग त्याच दिवशी दुपारी भांडी घासून, पापड लाटायला बसून, संध्याकाळी फिरायलाही जायचं कशाला? म्हणून माझं एक मागणं आहे. पाण्याचा दिवस हाच तुमच्या दोघांचा सुट्टीचा दिवस ठरवा. बाबांनी त्या पहाटे तलावाकडं जायचं नाही, बादल्या धरायच्या, तेही एका वेळी अर्धी बादली आणि पाठ न वाकवता गुडघ्यात वाकून. सूज आहे तोवर त्यांनी नळीच धरायची, वजन उचलायचं नाही. काम उरकलं की दुपारी दोघांनी तासभर पाठ टेकायची.

पण घरकामानं एक गोष्ट होत नाही, ताकद वाढत नाही. आपल्याकडं बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर भराभर झिजतात आणि मांड्यांतली शक्ती वयाबरोबर उतरते. मग पडणं, मोडणं होतं. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस एवढंच कर. भिंतीला टेकवलेल्या लाकडी खुर्चीवर बसायचं, हात छातीवर ठेवून उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. हात न धरता जमत नसेल तर आधी धरून कर. भाकरी भाजायला उभी राहतेस त्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि खाली टेकवायच्या. भिंतीवर हात ठेवून छाती भिंतीकडं न्यायची आणि मागं ढकलायची. एका पायावर ओट्याला धरून थोडा वेळ उभं राहायचं, दात घासतानाही जमतं, यानं तोल सुधारतो. उठताना श्वास कोंडायचा नाही, तुझा बीपी आहे. बाबांनीही हेच करायचं. साखरेला चालण्याइतकीच याची गरज आहे, कारण साखर ओढून घेणारे मुख्यतः स्नायूच आहेत. फक्त बाबा, खुर्चीवरून उठणं सूज गेल्यावर. तोवर भिंतीवरचं करा.

जेवणाबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि बाबा, ते तुम्हाला आवडेल. भाकरी परत सुरू करा. ज्वारीत तंतू आहेत, शंभर ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आहेत. भाकरीनंही साखर वाढते, म्हणून ताट भरून नको. दुपारी दीड, रात्री एक, त्याबरोबर डाळीची आमटी वाटीभर, पालेभाजी किंवा वांगं, दह्याची वाटी. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं प्रथिनांचं प्रमाण वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे तुमच्या ७० किलोला जवळपास ५८ ग्रॅम. वयस्क माणसाला एक ग्रॅमच्या वर हवं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. तुमच्या काकडी-टोमॅटोच्या ताटात त्यातलं जवळजवळ काही नव्हतं. प्रथिनं मिळाली नाहीत तर शरीर स्नायूच मोडून वापरतं. वजन उतरलेलं दिसतं, पण उतरतं ते नको ते. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे ना, हे डॉक्टरांना विचारून मग मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, पनीर, दूध यांतलं रोज काही तरी वाढवा.

शेंगा चटणीबद्दलही. उखळात कुटलेली, लसणाच्या वासाची ती चटणी सोडायचं कारण नाही. शेंगदाण्यात प्रथिनं पंचवीस टक्के आहेत, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, म्हणून दोन चहाचे चमचे, वर तेल नको. मीठ मात्र बघा. लोणचं, पापड, चटणी सगळं एकाच ताटात नको, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, आणि आईला बीपी आहे, तिनं तर ते फारच सांभाळायचं.

आई, तुझ्या उपवासाबद्दल काही म्हणणार नाही, तो तुझा श्रद्धेचा भाग आहे. फक्त साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च आहे, दिवसभर त्यावर राहिलीस तर ताकद कुठून येणार? राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, दही, दूध, एवढं घेऊन उपवास मोडत नाही. आणि दोघांची बी १२ ची तपासणी करून घ्या. आपण शाकाहारी, बाबांना मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू आहे, तिनंही बी १२ कमी होतं. पायाला मुंग्या येतात म्हणता ना, त्याचं कारण हेही असू शकतं.

झोपेचा मुद्दा लहान आहे पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. साडेचार तास झोपून साखर आटोक्यात येत नाही. झोप कमी पडली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी भूक खवळते. टीव्ही दहाला बंद करा, सकाळी साडेपाचला उठा. पहाटे चारची वेळ पाळायची काहीच गरज नाही. रात्री साडेसात-आठला जेवा, आणि गुडघ्याची सूज उतरली की जेवून दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर सावकाश चाला. जेवणानंतरच्या त्या थोड्या चालण्यानं जेवणामुळं चढणारी साखर दबते. पहाटेचा एक फेरा कमी झाला तरी हा चुकवू नका.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळं पुन्हा बदलावं लागेल. सात वाजायच्या आत घरी, संध्याकाळी फरशी अजून तापलेली असते म्हणून अंधार पडल्यावरच बाहेर. निघायच्या आधी आणि आल्यावर माठातलं पाणी, दुपारी पातळ ताक, चिमटीभर मिठाचं. फार तापलं असेल तर घरातल्या घरात, पंख्याखाली खुर्चीचा व्यायाम करा. चालणं चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचं नाही.

आणि बाबा, चपला घालून फिरणं आता बंद. साखरवाल्या माणसाच्या पायाला फोड आला तर तो लवकर कळत नाही. रोज रात्री तळवे, बोटांच्या मधल्या जागा आईनं बघायच्या. मी गुढीपाडव्याला येणार आहे, येताना बूट आणते. मला तुमचा नंबर हवाय. दुकानात जाऊन पाय मोजून घ्या, आणि संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात. पुढं साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी राहील असा नंबर घ्या आणि मला कळवा. आईचंही माप पाठवा.

तुमची,
मनू