आजोबांच्या पद्मिनीबद्दल

कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या पद्मिनी गाडीचा मागचा अर्धा भाग कापून वाचनालयात मुलांसाठी बाक करायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. अट एकच, गॅस कटर लावायचा नाही. त्या ज्योतीने पातळ पत्रा वेडावाकडा होतो, रबर आणि गादी पेट घेते, आणि सुटी करून वापरता आली असती अशी निम्मी गाडी भंगारात जाते. म्हणून मी हाताने सोडवायला सुरुवात केली आहे.

बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी उतरवून लांब उघड्यावर ठेवली आहे. रिकामी टाकीही निर्धोक नसते, आत वाफ उरते. तिच्या आसपास ग्राइंडर चालवायचा नाही.

खरी मेहनत बोल्टांची. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आट्यांतच जखडून बसतो. जोर लावला की पाना सटकतो, नटाचे कोपरे झिजतात, आणि मग तो कशालाच दाद देत नाही. म्हणून आधी तारेच्या ब्रशने आटे घासायचे, तेल सोडायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी रिंग पाना घालून नट सोडायच्या आधी जरासा आवळायचा. गंजाची पकड तिथे तुटते. मग थोडा पुढे, थोडा मागे करत तो बाहेर येतो. मागच्या कमानपाट्यांचे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, यू-बोल्ट असेच निघाले, एकही कापावा लागला नाही, याचा मला फार आनंद झाला.

ब्रेकचे ड्रम उघडताना मात्र घाई नको. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसांना घातक. ती धूळ हवा मारून उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करायचं.

आता कापण्याचं. या गाडीला वेगळी फ्रेम नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. मधून कापली की मागचा भाग फाकतो आणि डिकीचं झाकण बसेनासं होतं. त्यासाठी कापण्याआधी दारांच्या खांबांना आडवा-तिरपा लोखंडी अँगल वेल्ड करून घेऊ. गंजलेला पत्रा घासून लगेच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारायचं.

वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली, 1974 मध्ये तिची पद्मिनी झाली. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. तुझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांपैकी बहुतेकांनी ही गाडी पाहिलेलीच नसणार. म्हणून मागचे दिवे, क्रोमचा बंपर, काच वर-खाली करायचं हँडल, सगळं जागच्या जागी ठेवायचं. मुलांनी ते हँडल फिरवून बघायला हवं. काचेची यंत्रणा मी साफ करून ग्रीस भरतो.

कापण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करायचा अर्ज द्यावा लागेल. आरसी आईच्या कपाटात आहे. चॅसी नंबरचा पत्रा मी वेगळा जपून ठेवणार आहे.

तू एक काम कर. वाचनालयाच्या दाराची रुंदी मोजून कळव. गाडी जवळजवळ दीड मीटर रुंद आहे. दार त्याहून अरुंद असलं तर बाक दोन तुकड्यांत करून आत जोडावा लागेल, आणि अँगल कुठे वेल्ड करायचे ते त्यावरच ठरेल.

तुझे,
बाबा