आमच्या नावावर हद्दपारी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘ट्रम्प यांनी अमेरिकी विद्यापीठांना वठणीवर आणले ते बरेच झाले, ज्यू विद्यार्थी आता तरी सुखाने शिकतील’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या सिनेगॉगमधली. विद्यापीठांचे अनुदान तोडणे, परदेशी विद्यार्थ्यांना हद्दपार करायला निघणे, हे सगळे ज्यांच्यासाठी केले म्हणतात त्यांच्यातली एक, म्हणून लिहिते आहे.

ज्यूद्वेष हा नुसता कांगावा आहे, असेही मला कुणी सांगू नये. (त्या पत्राला आलेल्या उत्तरात तसा सूर होता.) माझ्या भाचीची मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात शिकते. हमासने इस्रायलवर केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच तिच्या खोलीच्या चौकटीवरची मेझुझा (धर्मवचने ठेवलेली लहानशी डबी, आम्ही ज्यू दाराला लावतो ती) कुणीतरी उचकटून काढली. पेणच्या जुन्या घरातून तिने हौसेने नेलेली होती. गाझाबद्दल या मुलीचे मत काय, हे काढणाऱ्याने विचारलेही नाही. तक्रार केली, तर कार्यालयाने समुपदेशकाचा नंबर पाठवून दिला. त्याच सुमारास त्याच राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने ज्यू मुलांना ठार मारण्याच्या धमक्या ऑनलाइन टाकल्या. त्याला पुढे २१ महिन्यांची कैद झाली, आणि ती योग्यच होती.

मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. कुणी काय केले, केव्हा केले, कुणी पाहिले, हे कागदावर आल्याशिवाय पान उलटायचे नाही, ही तिथली सवय. म्हणून लॉस एंजेलिसचे प्रकरण मला पटते. २०२४ मध्ये तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात निदर्शकांनी तंबू ठोकून वाटा अडवल्या होत्या. इस्रायलशी असलेले नाते झिडकारल्याशिवाय आम्हाला आत सोडत नाहीत, अशी तक्रार घेऊन ज्यू विद्यार्थी न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये न्या. मार्क स्कार्सी यांनी विद्यापीठाला बजावले की, ज्यू विद्यार्थ्यांना जिथे मज्जाव आहे, ती जागा इतरांसाठीही चालू ठेवायची नाही. कुणाची घोषणा बंद केली नाही, कुणाचा व्हिसा मागितला नाही.

आता दुसरे प्रकरण पाहा. रुमेयसा ओझतुर्क ही टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की संशोधक विद्यार्थिनी. मार्च २०२४ मध्ये तिने आणखी तिघांबरोबर विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. विद्यार्थी प्रतिनिधींचे गाझाविषयीचे ठराव विद्यापीठाने धुडकावू नयेत, हा त्याचा मुद्दा. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, इफ्तारला निघालेल्या या मुलीला तोंडे झाकलेल्या साध्या वेशातल्या माणसांनी हद्दपार करण्यासाठी भर रस्त्यात धरले आणि थेट दूरच्या लुइझियाना राज्यातल्या कोठडीत नेऊन ठेवले. गुन्हा? एकही नोंदवला नव्हता. सुटका व्हायला ९ मे उजाडला. तो लेख मला पटत नाही. पण एवढ्यावर माणसाला आत टाकायचे, तर संपादकमहाराज, या सदरात पत्रे लिहिणारे आम्ही निम्मे आतच असतो.

ज्यूद्वेषाची जी व्याख्या आता विद्यापीठांवर लादली जात आहे, तिचा मसुदा करण्यात केनेथ स्टर्न हे ज्यू वकीलच आघाडीवर होते. घटनांची नोंद ठेवण्यासाठी ती केली, विद्यापीठात कुणी काय बोलावे यावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे, असे ते स्वतः वर्षानुवर्षे सांगत आहेत. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकीत, छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या वस्तीत, नाझींनी मोर्चा काढायचे ठरवले. तेव्हा त्यांच्या मोर्चाच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचे प्रमुख होते आर्ये नायर, स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू, लहानपणी हिटलरमुळे देश सोडावा लागलेले. माझे काळीज काही एवढे मोठे नाही. पण सरकारच्या हाती तोंड बंद करायची किल्ली दिली की ती उद्या आपल्याच कुलपाला लागते, हा त्यांचा हिशेब मला कळतो.

पैशांचेही तसेच. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान तोडले, त्यातला बराच पैसा वैद्यकीय संशोधनाचा. जुलैत विद्यापीठाने सरकारला २० कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. हार्वर्ड विद्यापीठाने मात्र अनुदान अडवल्यावर सरकारवर दावा लावला. ३ सप्टेंबर २०२५ च्या निकालात बोस्टनच्या न्या. अ‍ॅलिसन बरोज यांनी हार्वर्डने द्वेषपूर्ण वागणे नको इतके दिवस खपवून घेतले, हे सुनावले. आणि सरकारने ज्यूद्वेषाचा नुसता आडोसा केला, हेही स्पष्ट लिहिले.

भाचीची मुलगी फोनवर म्हणाली, ‘आजी, मेझुझा कुणी काढली ते शोधा, एवढंच मी मागितलं होतं. कुणाला देशाबाहेर काढा असं मी कधी म्हटलं?’ अशा तक्रारींची चौकशी तिथल्या शिक्षण खात्याचे नागरी हक्क कार्यालय करते. त्याच्या बारा विभागीय कचेऱ्यांपैकी सात, त्यांत न्यूयॉर्क आणि बोस्टनच्याही, याच सरकारने मार्च २०२५ मध्ये बंद करायला घेतल्या. कोलंबियाचे अनुदान तोडले, त्याच महिन्यात. आपल्या पत्रलेखकाने याबद्दल काहीच लिहिलेले नाही.

– एक वाचक, चरई, ठाणे